चतुराबाईचा थोरला

“भाऊजी, डागदर म्हणतात सख्ख्या भावाच्याच हाडातला मगज पाहिजे,” धाकट्या भावाची बायको कुसुम म्हणाली. “तुमच्याबिगर ह्यांना कोण हाय?”

धोंडीबा शिफ्टवरून नुकताच काळेवाडीच्या खोलीवर आला होता. शेजारची मंजुळाबाईही पोराला कडेवर घेऊन चौकशीला आली होती. पोर तिचंच, पण कुणी विचारलं की गल्लीतल्या दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन ठसक्यात सांगे, “सोजरबाईचं हाय!” आधीची दोन दगावल्यावर हे शहाणपण तिला धोंडीबाच्या आईनं, चतुराबाईनं, शिकवलेलं. म्हणे, मरणाला पत्ता लागू द्यायचा नाही. धोंडीबाला एरवी याचं हसू यायचं.

धाकट्या ज्योतीरामच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलं होतं. एकाच्या हाडातला मगज दुसऱ्याला देण्याचा उपचार मुंबईत नुकताच सुरू झाला होता. आधी दोघांचं रक्त जुळतं का ते बघणार होते.

“येतो की,” धोंडीबा म्हणाला, पण त्याला आईचे शेवटचे शब्द आठवले.

गेल्या साली मोशीला चतुराबाई गेली, तेव्हा उशाशी तो एकटाच होता. त्याचं मनगट घट्ट धरून, दाराकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली होती, “तू माझा न्हाईस. टाकलेला सापडलास.” मरताना माणूस खोटं कशाला बोलेल? तिची आधीची पोरं पाळण्यातच गेली होती. सापडलेलं पोर ठेवून घेतलं असणार. ज्योतीराम नंतर झाला, तो मात्र तिचा. धोंडीबानं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता नाही म्हणावं तर ज्योतीराम जाणार, हो म्हणावं तर भाऊपण.

त्यानं रक्त दिलं. निकालाच्या दिवशी ज्योतीराम खाटेवरून म्हणाला, “दादा, न्हाई जुळलं तरी मनाला लावून घेऊ नगंस.” धोंडीबाला वाटलं, हे ‘दादा’ बहुधा शेवटचंच.

डॉक्टरांच्या खोलीत तो स्वतःच बोलून मोकळा झाला. “साहेब, जुळायचं न्हाई. मी सख्खा न्हाई.”

“कुणी सांगितलं?”

“आईनंच. जाताना.”

डॉक्टर हसले. “तंतोतंत जुळलंय, राव. असं सख्ख्या भावंडांतच जुळतं.”

धोंडीबानं आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. आपण तर उशाशीच होतो. मग दाराकडे बघत आई एवढ्या मोठ्यानं कुणाला ऐकवत होती, ते त्याला आत्ता कळलं.