मास्तर स्टॉप

बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. खिडकीचा गज धरून म्हातारा उभाच होता. बससेवेच्या या कचेरीत तो महिन्याभरात चौथ्यांदा आला होता, आणि आज पहिल्यांदाच कुणी त्याचा कागद हातात घेतला होता.

मागणी एवढीच होती, की आमच्या वस्तीच्या स्टॉपचं नाव बदलू नका. पुढच्या महिन्यापासून नव्या बसगाड्या येणार होत्या. त्यांत कंडक्टर नसणार. स्टॉप आला की छतातून एक बाई बोलणार. तिला शिकवायच्या नावांची यादी कचेरीने बाहेर लावली होती, आणि त्या यादीत हा स्टॉप होता ‘विभाग चार, उत्तर’. लोक मात्र चाळीस वर्षं त्याला ‘मास्तर’ म्हणत आले होते.

आता हे मास्तर कोण, तर अर्ज घेऊन उभा असलेला हाच म्हातारा. शाळेतला मास्तर नव्हे, शिलाई मशीनवरचा. अर्जात त्याने ते लिहिलं नव्हतं. आपल्या तोंडाने आपलीच आरती ओवाळणं त्याला कधी जमलं नाही. कुणी विचारलंच तर सांगू, असं तो ठरवून आला होता.

तो या भागात आला तेव्हा शहर तीन मैल अलीकडेच संपायचं. पुढे काटेरी झुडपं, मोजणीचे दगड आणि सहा घरं. सातवं त्याचं. पत्र्याची एक खोली, पुढे मशीन आणि मागे संसार. बस तिथे येऊन मागे वळायची, कारण पुढे रस्ताच नव्हता. पाटी नव्हती की शेड नव्हती. ऊन लागलं की बायका बसची वाट बघत त्याच्याच दुकानात टेकायच्या, आणि कंडक्टर ओरडायचा, चला, मास्तरवाले उतरा. नाव पडलं ते पडलंच.

मग वस्ती अंगाने भरली, आणि ती भरताना पहिल्यांदा कळायचं ते त्यालाच. पोरं दर वर्षी उंच होतात म्हणून तो त्यांच्या विजारींच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवायचा. नव्या घराचे पहिले पडदे त्याच्याच हातचे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत हे सासूच्या आधी त्याला समजायचं, पण त्याच्या पोटात गोष्ट राहायची. लोक त्याच्याकडे घराच्या किल्ल्या ठेवायचे, निरोप ठेवायचे, आणि नवरा-बायकोचं वाजलं की तेही त्याच्याच फळीवर येऊन बसायचे.

पुढे रस्ता रुंद झाला आणि दुकान त्यात गेलं. दुमडी उसवून लांब करून दिलेल्या विजारी घालूनच पोरं मोठी झाली आणि लांबच्या देशांत गेली. त्यांचे आईबाप एकेक करून संपले. बैठ्या घरांच्या जागी बारा-बारा मजले उठले. बायको होती तोवर निदान ‘अहो’ म्हणायला कुणी होतं. तीन वर्षांपूर्वी तीही गेली. लेक दूरगावी, रविवारी फोनवर ‘बाबा’ म्हणायची, औषध घेतलं का विचारायची, तेवढ्यात तिच्याकडची बेल वाजायची. शेजारचे त्याला फ्लॅटच्या नंबरावरून ‘तीनशे दोन’ म्हणून ओळखत. तेही पाणी गळलं तर.

म्हणून तो रोज अकराच्या बसने बाजारात जायचा. घ्यायचं काहीच नसे. परतताना दारालगतच्या सीटवर बसायचा, आणि स्टॉप आला की कंडक्टर हाक द्यायचा, "मास्तर! चला, मास्तर!" तो कंडक्टर काही त्याला ओळखत नव्हता. पण ती हाक कानावर पडली की म्हाताऱ्याला वाटायचं, आपल्याला घरातून कुणी तरी बोलावतंय. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हातारा चळला. त्याने सांगितलं नाही. तेवढ्या एका हाकेवर त्याचा दिवस निघायचा.

बाई भल्या निघाल्या. जुनं नाव ठेवता येईल म्हणाल्या. आणखी चार-पाच स्टॉपांची त्यांनी ठेवली होती. मास्तर म्हणजे शाळेचेच असणार, त्या भागातली पहिली शाळा त्यांनीच काढली असेल, असंही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि फॉर्मवर ‘शिक्षक’ लिहिलंसुद्धा. म्हाताऱ्याने सांगायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मास्तर कोण हा विषय पहिल्यांदाच निघाला होता.

"फक्त एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "जिवंत माणसाचं नाव स्टॉपला देता येत नाही. नियमच आहे तसा. मास्तर आता नाहीत ना?"

मागे रांगेत कुणी तरी खाकरलं. म्हाताऱ्याला अकराच्या बसची ती सीट आठवली, आणि तिच्यावर बसून छतातल्या बाईचं ‘विभाग चार, उत्तर’ ऐकत उतरणारा तीनशे दोन दिसला.

"नाहीत," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि नावाच्या आधी ‘दिवंगत’ लिहिलं. खाली मास्तरांना ओळखणाऱ्या एका जुन्या रहिवाशाची सही लागेल, ती तुम्हीच करा म्हणाल्या. त्याने सही केली. आपलं कागदोपत्री नाव त्याने अक्षर अक्षर जुळवून लिहिलं. त्या नावाने त्याला वस्तीत कधी कुणी हाक मारली नव्हती, आणि त्यात ‘मास्तर’ कुठेच नव्हतं, त्यामुळे बाईंनाही शंका यायचं कारण नव्हतं.

एक रकाना उरला होता. मास्तरांशी तुमचं नातं काय, त्यांनी विचारलं.

"नातं असं नाही," म्हातारा म्हणाला. "त्यांचे कपडे मीच शिवायचो."