पहिली पसंती

संध्याला सीईटीत अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा कॉलेजांची यादी तिने आईसोबत बसून केली. पुण्याचं सरकारी कॉलेज सगळ्यात वर, मिळालं तर नशीब म्हणून. मार्कांना साजेशी चार मधे. आणि घराजवळचं, काशीमिऱ्याचं, जे कसंही मिळणारच होतं, ते अगदी शेवटी. पप्पांचा हॉस्टेलला विरोध होता, पण आई तिच्यासाठी त्यांच्याशी कडाकडा भांडली.

पहिल्याच फेरीत काशीमिऱ्याचं लागलं. पुण्याचा कटऑफ तर तिच्या मार्कांच्याही खाली थांबला होता. संध्याने घाईघाईने फॉर्म उघडून पाहिला. शेवटचं कॉलेज कुणीतरी पहिल्या नंबरावर नेऊन ठेवलं होतं, आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते.

"पप्पा, का केलंत असं?" ती रडत ओरडली.

पप्पा गोंधळून गेले. "अगं, मला तो फॉर्म उघडतासुद्धा येत नाही."



आई मान खाली घालूनच म्हणाली, "तू गेल्यावर या घरात माझ्याशी बोलायला कोण राहिलं असतं गं?"