पाठीवरचं नाव

चेपॉकवर भारताची फलंदाजी पुन्हा कोसळली आणि प्राणेश मैदानात उतरला. सगळ्यांच्या लाडक्या खेळाडूला वगळून त्याला संघात घेतलं होतं. “कोणाच्या वशिल्याने घुसला हा?” मागच्या रांगेतून शिव्या सुरू झाल्या. स्टँडमध्ये बसलेल्या प्राणेशच्या वडिलांनी, भीमसेनरावांनी, अंगातल्या जर्सीवरचं लेकाचं नाव झाकायला खांद्यावरचा पंचा पाठीवर ओढला. प्राणेश मात्र क्रीजवरून स्टँडकडेच बघत होता. शाळेपासूनची रीत होती: पहिल्या चेंडूआधी त्याचे अप्पा मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. गर्दीत उलटा उभा एकच माणूस त्याला लांबूनही दिसायचा. “आज उठू नका हो,” बायकोने भीमसेनरावांचा हात धरला. त्यांनी पंचा काढला. मागे कुणीतरी नाव मोठ्याने वाचलं. ते उठले आणि त्या चेहऱ्यांकडे वळले. बॅटचा आवाज आला. समोरच्या साऱ्या नजरा आभाळाकडे गेल्या. षटकार की झेल? वळून बघायचा भीमसेनरावांना धीर होईना.