गाळपेर

व्यंकटरावांनी मोबाइल कँटीनच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि धरणाच्या निळ्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा रस्ता. पुढच्या रविवारी सकाळी सहाला वाळूजहून निघायचं, मग काठाकाठानं थेट पैठणचं उद्यान. कारभारी पुढं, आपण मागं."

कारभारीचा चहा हिंदकळला.

कंपनीच्या सायकल मंडळात तो एकटाच वर्कर, बाकी सगळे साहेब. त्यांच्या सायकली लाखाच्या, ह्याची जुन्या बाजारातली. पण चढाला हाच पुढं असायचा, म्हणून घेतलेला. काठाच्या रस्त्याचं खूळही ह्यानंच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. 'फेब्रुवारीत एकदा चलाच सर, काय ते हिरवं, काय ते पाणी, काय ते पक्षी!' साहेबांत बसायला मिळालं की माणसाला काहीतरी आपलं दाखवावंसं वाटतं. जिभेला हाड नसतं, ते असं.

"आमचे मेहुणेही येतायत," व्यंकटराव म्हणाले. "धरणावर साहेब आहेत. महिन्याभरापूर्वीच बदलून आले. त्यांचाही काठ बघून होईल."

आता कारभारीला कप खाली ठेवावाच लागला.

त्या काठावर त्याच्या आईचा, मनकर्णाबाईचा, दीड एकर हरभरा उभा होता. धरणाचं पाणी उतरत गेलं की गाळ उघडा पडतो. त्यात पेरायचं, ती गाळपेर. जमीन तिच्याच सासऱ्याची. धरणात गेली आणि सरकारची झाली. वर्षातले चार महिने पाणी ती तिला परत देतं. सरकारनं कधी दिली नाही. यंदा तर पेरायलाच मनाई होती. गेल्या आठवड्यात शेजारच्या सांडूची पाण्याची मोटार धरणाच्या पथकानं उचलून नेली आणि घाटे धरलेल्या हरभऱ्यावर ट्रॅक्टर फिरवला. सांडू धुऱ्यावर बसून बघत राहिला. मनकर्णाबाईचं रान बाभळींच्या आड, वळणापल्याड, म्हणून तेवढं वाचलं. माहितगार पुढं असल्याशिवाय तिकडं कुणी वळत नव्हतं.

"सर, बिडकीनवरून जाऊ की," तो म्हणाला. "हमरस्ता. डांबर एक नंबर."

"आणि ट्रकचा धूर खाऊ?" एचआरचा श्रीनिवास म्हणाला. "तो तर रोजच खातो."

"काठाला काटे लई हायेत. बाभळीचा काटा टायर फाडून आत जातो."

"जास्तीच्या ट्यूब घेऊ."

"कुत्री हायेत, सर. मोकाट. अंगावर येतेत."

"अरे, परवा तर म्हणत होतास स्वर्ग आहे! आठ दिवसांत स्वर्गात कुत्री शिरली?"

सगळे हसले. कारभारीही हसला. साहेब हसला की वर्करनं हसायचं. हे कुठं लिहिलेलं नसतं आणि चुकतही नाही.

अकाउंट्सच्या कालिंदी मॅडम इतका वेळ आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यांनी तो सगळ्यांपुढं धरला.

"हा बघा. कारभारींनीच ग्रुपवर टाकलेला फोटो. नाश्त्याला आपण इथंच थांबायचं!"

फोटोत त्याची सायकल ऐटीत उभी होती. मागं पाणी, पाण्यावर पांढरे पक्षी. आणि सायकल ते पाणी, मधली सगळी जागा हरभऱ्यानं भरलेली. कडेला काळा पाइप. पाइपाशी वाकलेली एक बाई, तिची पाठ तेवढी दिसत होती.

गेल्या रविवारी हा फोटो टाकला तेव्हा कारभारीला सत्तावीस अंगठे आले होते. त्यानं ते तीनदा मोजले होते.

"सुंदर!" व्यंकटराव म्हणाले. "थांबा, मेहुण्यांना पाठवतो. खूश होतील."

"सर, नका—" कारभारी म्हणाला. पण फोटो गेला होता.

कुणी चिवडा घ्यायचा की पोहे, ते ठरवत होतं. कुणी सगळ्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालू म्हणत होतं. कारभारीचं लक्ष टेबलावरच्या मोबाइलवरून हलेना. तो उजळला, तसे व्यंकटराव वाकून मेहुण्यांचं उत्तर वाचू लागले.

"'जागा छान आहे. पाइप दिसतोय. रान कुणाचं?'" त्यांनी मान वर केली. "कुणाचं रे, कारभारी?"

टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडं बघत होते. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पोहे की चिवडा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"काय माहीत, सर," कारभारी म्हणाला. "असंल कुणाचं तरी."

"मग लोकेशन तरी पाठव."

"पाठवतो. इथं रेंज नाय."

तो उठला, तो थेट पार्किंगच्या पत्र्यामागं गेला. तिथं त्यानं आईला फोन लावला. घाईत दोनदा भलताच नंबर दाबला गेला.

"आई, मोटार काढ. आजच्या आज. पाइप गुंडाळ अन् बाभळीत सार."

"का रं? पथक निघालं का?"

"साहेब लोक येणारेत. रविवारी. सायकलीवर."

"सायकलीवर? जप्तीला?"

"नाय. फिरायला. उद्यान बघायला चाललेत, काठाकाठानं."

"अन् आपल्या रानाची वाट त्यांला कुणी दावली?"

तिकडून वारं ऐकू येत होतं. मोटार चालू होती, तिची घरघर ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली. "मोटार काढते. पाइप बी गुंडाळते. एवढं हिरवं रान कशानं झाकू, तेवढं सांग."