घाटी चढणारे टायर

"टायर हवे तेवढे दाखवतो. पण गाडी फिरणार कुठे, ते आधी सांगा," राजाराम म्हणाला.

"घाटी चढणार," लवूनं सांगून टाकलं. गाडी त्याची नव्हती, मुलाची होती. पण रमाकांत मोबाइल कानाला लावून पुलाखाली येरझारा घालत होता, आणि प्रश्न तर लवूच्या अगदी जिवाचा निघाला होता.

"खंयची घाटी?" दुकानदाराची जीभ एकदम गावावर आली.

"कणकवलीच्या वर, आमच्या घराकडची. जांभ्याची. अशी उभी, की चढताना आपलोच गुडघो आपल्या हनुवटीक लागता. पावसात वर शेवाळ. रिक्षावालो खालीच उतरवता. म्हणता, आजोबा, हयसून पुढे देवाचो रस्तो!"

राजाराम हसला. लालबागच्या पुलाखालचं त्याचं दुकान एका गिरणीच्या उरल्यासुरल्या भिंतीला पाठ टेकून बसलेलं. याच भिंतीआड लवूची जवानी कापड विणणाऱ्या साच्यांवर गेली. संपात गिरणीनं बाहेर टाकलं, तेव्हा त्याला पदरात घेतलं ते घाटीवरच्या घरानं. यंदा गणपतीला तो जाणार होता तो परत न येण्यासाठी. ट्रंक भरून झाली होती. रमाकांतनं ही छोटी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली, तेव्हा लवू चाळीत दारोदार सांगत हिंडला होता, "माझ्या झिलान घाटयेसाठी गाडी घेतल्यान."

"हिचे चारही बदलावे लागतील, अण्णा," राजाराम झिजल्या रबरावर नख ओढत म्हणाला. "चारही चाकांना जोर. एक जुनं, एक नवं असं चालत नाही. आत गिअर एकमेकांशी भांडत बसतात."

"आमच्या खात्यात संपात तसाच झाला. तिघे गेटाभायर, आणि एक मागल्या दारान आत!"

"मग हो घेवा." राजारामनं आतून एक टायर घरंगळत आणला. जाड, खोल खाचांचा. "चिखल खाता आणि थुकान टाकता."

लवूनं त्यावर तळवा ठेवला. खाचेत बोट घालून ते हळूहळू फिरवलं.

"नांगरल्यासारखो आसा रे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे घाटीचं शेवटचं वळण आलं, मग फणस, मग पडवी. सरींत पाणी उभं होतं आणि भाताचा तरवा लावायचा राहिला होता.

रमाकांत मोबाइल खिशात घालत आला. टायर बघून थबकला.

"हे नको, शेठ. हायवेचे दाखवा. साधे. आवाज न करणारे."

"पण अण्णा सांगतत, घाटी..."

"घाटी नाही."

लवू हसला. पोरांना काय कळतं! "अरे, मगे वर कसो चढतलस?"

"चढायचं नाही आता, अण्णा." रमाकांत गाडीच्या आरशाकडे बघत बोलला. "घर दिलं मी."

"कोणाक दिलंस?"

"पुण्याच्या एका पार्टीनं विकत घेतलं. पाहुण्यांना भाड्यानं देणार. नीट ठेवतील, अण्णा. आपल्याहून नीट ठेवतील."

वरून पुलावरची वाहनं जात होती. लवूचं बोट अजून खाचेतच होतं.

"मे महिन्यात चावी न्हेलंस. कौलां परतूची म्हणान."

रमाकांत बोटानं आरसा सरळ करू लागला.

"कौलां परतलंस?"

"घर माझ्या नावावर होतं, अण्णा."

"आणि नाव कोणी घातल्यान?"

"तिथं राहणार होतं तरी कोण? तुम्हीच सांगा. कोण राहणार होतं?"

"मी," लवू म्हणाला.

त्यानं हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला. नव्या रबराला धूळ नव्हती, तरी पुसला. राजारामनं खाली मान घालून तो टायर उभा केला आणि आत नेला. मग चार गुळगुळीत टायर आले, जॅक लागला, नटबोल्ट आवळले गेले. लवू भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसून राहिला. कोणी चहा आणून दिला, तो तसाच निवला.

नव्या टायरांवर नारळ फोडल्याशिवाय राजाराम गाडी हलू देत नसे. त्यानं नारळ आणला खरा, पण कुणाच्या हातात द्यावा ते त्याला कळेना. शेवटी तो लवूपुढेच वाकला.

"अण्णा, मोठे तुमी. गाऱ्हाणा घाला."

"राहू द्या हो, शेठ, उशीर होतोय," रमाकांत पुटपुटला.

लवू उठला. गाऱ्हाणं घरातल्या मोठ्यानं देवाला घालायचं आणि बाकीच्यांनी बोलाबोलाला होकार भरायचा. त्याच्या बापानं त्या घाटीवर घातलं होतं, त्यानंही घातलं होतं. तो गाडीपुढे उभा राहिला, दोन्ही हातांत नारळ धरून.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या झिलान गाडयेक नवे टायर घातल्यान."

"व्हय म्हाराजा," राजाराम म्हणाला.

"जयसर ही गाडी जायत, थयसर हेच्या पाठी उभो रव. हेच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुकानातली दोन माणसंही आता म्हणाली.

लवूचा आवाज खाली आला. "आणि घाटयेवरच्या आमच्या घरात आजपासून जो कोण सांजेक दिवो लायत, तेकाव आपलो म्हण. तेकाव सांभाळ रे म्हाराजा."

राजारामनं तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानातली माणसं रमाकांतकडे बघू लागली.

लवूनं मान वळवली नाही. होकार आल्याशिवाय नारळ फुटत नाही. तो तसाच उभा राहिला, नारळ छातीशी धरून.