प्रार्थनेचा गोल

गिटारवालीने हमालाचा हात दाबला आणि हमाल प्रार्थनाच विसरला.

डोळे मिटलेले होते. सगळ्यांचेच होते, कारण प्रार्थना चालू होती. वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत खुर्च्यांचा गोल मांडला होता. कॉलेजच्या ख्रिस्ती मंडळाची पोरंपोरी आणि तिथले आजी-आजोबा असे सरमिसळ, हातात हात धरून बसले होते. हमालाच्या डाव्या हातात गिटारवालीचा हात, उजव्या हातात एका गुबगुबीत आजोबांचा.

हमाल हे अर्थातच त्याच्या दाखल्यावरचं नाव नव्हतं. पण बिचाऱ्याला ना सूर ना ताल, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मग मंडळाने त्याच्याकडे सामानाचं खातं दिलं. स्पीकर, शिडी, रंगाचे डबे, बाहुल्यांच्या खेळाची पेटी, सगळं याच्या डोक्यावर. सेवेच्या दौऱ्यावर बाकीचे गाणी म्हणत पुढे आणि हा घामाघूम होऊन मागे. चालायचंच, कुणी देवाची सेवा गळ्याने करतं, कुणी पाठीने. आई शेजारणींना सांगत सुटली होती की पोरगं देवाच्या मार्गाला लागलं. तिला काय माहीत, पोरगं गिटारवालीच्या मागे लागलं होतं. देव त्याला आवडायला लागला, पण तो नंतर.

आणि हा शेवटचा दौरा होता. परीक्षा झाली की गिटारवाली नोकरीसाठी दुसऱ्या शहरात मावशीकडे जाणार होती. वृद्धाश्रमाच्या सगळ्या भिंती रंगवून झाल्या तरी याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. सकाळी परतीची गाडी होती. आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही कळत होतं.

गोल जमत होता तेव्हा हा अंगणात शिडी ठेवत होता. आत आला तर सगळे डोळे मिटून बसलेले, आणि रिकामी खुर्ची एकच, नेमकी तिच्या शेजारची. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तो चोरपावलांनी जाऊन बसला. मेट्रनबाईंनी सगळ्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, एका पोरीने पेपर सोपा जाऊ दे म्हणून केली. आणि मग हे असं.

इतके महिने ओझी वाहिली त्याचं सार्थक झालं, असं हमालाला वाटलं. त्याने जीव एकवटून तिचा हात दाबला. क्षणभर काही नाही. मग तिने पुन्हा दाबला. त्याने पुन्हा दाबला. ती पुन्हा. आता हा काय थांबतोय.

खोलीत मात्र कुणीच बोलेना. कॅप्टन म्हणजे मंडळाचा पुढारी, मोठा भाविक मुलगा. गोल पुरा झाल्याशिवाय तो आमेन म्हणायचा नाही आणि मेला तरी डोळे उघडायचा नाही. शांतता वाढत चालली. पंखा कुरकुरत होता. एका आजींनी मुसमुसायला सुरुवात केली. ते ऐकून दुसऱ्या आजी रडू लागल्या आणि त्यांच्यामागून दोन-चार पोरी. गुबगुबीत आजोबा इकडे गाढ झोपले आणि त्यांच्या नाकातून लांबलचक सूर निघाला. तो पवित्र आत्म्याचा उसासा आहे असं वाटून कॅप्टनलाही भरून आलं. स्वयंपाकीणबाई चहा घेऊन दारात आल्या, सगळा रागरंग बघून त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आपणही डोळे मिटले. चहाचं पार पाणी झालं.

शेवटी आजोबा स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठले आणि "आमेन" म्हणाले. त्यांच्यापाठोपाठ सगळे म्हणाले.

"अशी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती," कॅप्टन डोळे पुसत म्हणाला. "फक्त मला सांगा, गोल अडला कुठे? मी आधीच सांगितलं होतं ना, आपली प्रार्थना झाली की पुढच्याचा हात दाबायचा. बोलायचं नसेल तर नुसताच दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते."

हमालाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. गिटारवालीचा घसा सकाळपासून गाऊन बसला होता, हे तर त्याला ठाऊक होतं. तिला बोलायचं नव्हतं, म्हणून तिने हात दाबला. आणि आपण शहाणे काय समजलो. कुणी काही विचारायच्या आत त्याने रंगाचे ब्रश उचलले आणि मागच्या अंगणातला नळ गाठला.

धुतलेलेच ब्रश तो पुन्हा धूत होता, तेव्हा गिटारवाली शेजारी येऊन उभी राहिली. आता तोंड लपवायला जागा नव्हती.

"माफ कर," तो नळाकडे बघत एका दमात म्हणाला. "मी शिडी ठेवायला गेलो होतो, कॅप्टनने काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. तू बिचारी पाळी पुढे देत होतीस आणि मी दर वेळी ती परत तुझ्याच गळ्यात घालत होतो. मला आपलं वाटलं... जाऊ दे, काय वाटलं ते."

तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, नळ बंद केला. मग बसलेल्या घशाने, अगदी हळू म्हणाली,

"पहिला तेवढा प्रार्थनेचा होता."