हात लावू नये

प्रोग्राम काही केल्या उभा राहत नव्हता. तीन वाजून गेले होते आणि चारच्या पाळीचे डायलिसिसचे पेशंट बाहेरच्या बाकांवर येऊन बसू लागले होते. कोणाला कुठल्या मशीनवर घ्यायचं याची यादी हा प्रोग्राम काढायचा. तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा, तो आज नऊ वर्षांत पहिल्यांदा बंद झाला होता. इलेक्ट्रिशियनला विजेची लाइन बदलायची होती, म्हणून हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तिनेच बटण दाबलं होतं. बटणावर 'हात लावू नये' असा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. तो तिने नखाने खरवडून टोपलीत टाकला, तेव्हा ती हसलीसुद्धा होती.

कागद तिच्या मामांचा होता. सख्खे मामा. प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, तोही लिस्प या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत, आणि निवृत्त होताना भाचीच्या गळ्यात मारलेला. चालत्या प्रोग्रामला निजवायचं नसतं, असं ते म्हणायचे. वय झालं की माणसं देवभोळी होतात तसं काहीतरी असेल, असं तिला वाटायचं.

आता एक चूक निस्तरली की दुसरी पुढ्यात दत्त म्हणून हजर. आधी म्हणे ज्या तयार कोडवर तो उभा राहायचा ती लायब्ररीच सापडत नाही. ती शोधून दिली तर नव्या आवृत्तीची निघाली, आणि प्रोग्राम ज्या नावांनी तिला हाका मारत होता त्यातली तीन नावं तिच्यात उरलीच नव्हती. ती जुळवली तर एका फाइलच्या तळाशी एक कंस कमी. लिस्पमध्ये एक कंस मिटला नाही, की कॉम्प्युटर फाइल संपेपर्यंत तो मिटायची वाट बघत बसतो आणि मग हात वर करतो. तिने तो बसवला.

पावणेचारला प्रोग्राम उभा राहिला. यादी छापून आली. सिस्टरांनी त्यावरून पेन फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"ताई, काविळीचे आजोबा सात नंबरवर कसे?"

आजोबांची कावीळ रक्तातून दुसऱ्याला लागणारी. त्यांच्यासाठी कोपऱ्यातलं मशीन वेगळं ठेवलं होतं, आणि सात नंबर तर सगळ्यांचं.

"आज मी होते म्हणून दिसलं," सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "पाळीवर नवी मुलगी असती तर तिने यादीप्रमाणेच लावलं असतं."

तिने हा नियम सगळ्या फाइलींत शोधला. कुठेच नव्हता. मग इतकी वर्षं याद्या बरोबर येत होत्या त्या कशाच्या जोरावर? तिने मामांना फोन लावला.

मामांनी ऐकून घेतलं आणि कबूल केलं. लिस्पची ही खुबीच आहे. प्रोग्राम न थांबवता त्यात नवा नियम टाइप करता येतो आणि तो त्या क्षणापासून लागू होतो. तेव्हा असाच एक काविळीचा पेशंट दारात आला होता, घाई होती, म्हणून त्यांनी नियम थेट आत घातला. फाइलमध्ये उतरवायचा राहून गेला. प्रोग्राम चालू होता तोवर नियमही होता. दुपारी बटण दाबलं आणि तोही गेला.

"फाइलमध्ये कधी उतरवणार होतात?"

"दुसऱ्या दिवशी."

"किती वर्षं झाली त्याला?"

"सात."

ती भडकली. हा प्रोग्राम तुमच्या हुशारीवर नाही, लाइट गेले की कॉम्प्युटर जगवणाऱ्या बॅटरीच्या मेहेरबानीवर चालत होता, असं तिने सुनावलं. एरवी मामा एकाला दोन ऐकवणारे, पण आज एवढंच म्हणाले, "पेशंट आत घ्यायचेत ना? मग फाइल राहू दे. थेट आत घाल."

फाइलमध्ये घालून सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे अर्धा तास. मामा सांगत गेले आणि ती चालत्या प्रोग्राममध्ये टाइप करत गेली. अकरा ओळी, शेवटी सहा कंस. यादी परत छापली. आजोबा कोपऱ्यातल्या मशीनवर आले. सिस्टरांनी ती तीनदा तपासली आणि बाहेर जाऊन पहिलं नाव पुकारलं.

आता तिने फाइल उघडली. पहिली ओळ लिहिते आहे तोच पाळणाघरातून फोन आला. लेकीला ताप चढला होता, लगेच या म्हणत होते. ती अर्धवट उठली, पुन्हा बसली, उरलेल्या ओळींकडे पाहिलं. घाईत एखादा कंस चुकला तर पुन्हा सुरू करताना अख्खी फाइलच वाचली जायची नाही. तिने लिहिलेली ओळ खोडली आणि पर्स उचलली.

फोन परत वाजला. मामा होते.

"फाइलमध्ये घातलंस ना?"

"उद्या घालते, मामा."

मामांनी फोन ठेवला.

दारात इलेक्ट्रिशियन शिडी मिटत होता. उरलेलं काम सकाळी आठला करतो म्हणाला. मी आल्याशिवाय कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असं तिने त्याला बजावलं. त्याने मान हलवली, पण सकाळी तो स्वतः येणार की त्याचा माणूस, ते त्यालाही माहीत नव्हतं.

ती जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. टोपली उपडी केली, पिवळा कागद शोधला, मांडीवर घासून सरळ केला. मग सिस्टरांकडून बँडेजची चिकटपट्टी मागून आणली आणि कागद बटणावर पुन्हा लावला, चारही बाजूंनी.